मामावर आलेली दाढ

कारण मला वाटलं होतं खालचा दात येईल, काका — खालचा, पुढचा, तांदळाच्या कणीसारखा, सगळ्या लेकरांना येतो तसा, फक्त उशिरा. उशिरा येणार हे मला ठाऊकच होतं, मीच तर सगळ्यांना सांगत फिरत होते. आणि आला कुठला? वरचा. वरचा, आणि तोही समोरचा नाही, पार मागं, कोपऱ्यात — दाढ. खाली काही नाही, पुढं काही नाही, सगळ्या हिरड्या मोकळ्या, आणि वरती एकटी दाढ, गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीसारखी. — नाही नाही, तुम्ही बोलू नका. इंजेक्शन दिलंय, आता ओठ जड पडेल, जीभ दाताखाली आली तरी कळणार नाही. नुसतं पडून राहा. तुमचा जबडा बधिर व्हायला थोडा वेळ आहे, आणि तुम्ही सारखं त्या भिंतीवरच्या फोटोकडं बघायलात, म्हणून सांगते. ती उत्पला. आम्ही उपू म्हणतो. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, दीड वर्षाची. तो फोटो काढला तेव्हा तोंडात एकही दात नव्हता, तरी बघा कशी हसायली, जशी काय बत्तिशी दाखवायली.

डाउन सिंड्रोम आहे तिला. डोळे जरा तिरपे, जीभ थोडी बाहेर, अंग मऊ. अशी लेकरं मान उशिरा धरतात, बसतात उशिरा — आणि दात उशिरा. हे मी मंगळूरला शिकले, दातांच्या कॉलेजात. तिथल्या मैत्रिणी म्हणायच्या, नीलम, गंगाखेडला जाऊन तू करणार काय, आणि मी म्हणायचे, तिथंच तर काम आहे. म्हणजे मी काय धरून चालले होते सांगू? मी परत येणार, गावोगाव जाणार, सोनपेठला, पोखर्णीला, मागच्या खोल्यांत ठेवलेली अशी लेकरं बाहेर आणायला सांगणार आणि त्यांच्या आयांना म्हणणार — ह्यांचे दात वर्षानं येतील, दोन वर्षांनी येतील, उलटसुलट येतील, काही बारके येतील, टोकदार येतील, काही येणारच नाहीत, आणि तरी लेकरू भाकरी खाईल, घाबरण्यासारखं काही नाही. हे शेवटचं वाक्य मी घरात इतक्यांदा बोलले, की आमची आई आता दूध उतू गेलं तरी तेच म्हणते. — आ करा. इथं टोचतंय? बोट वर करा नुसतं. टोचतंय. मग थांबू अजून.

तर सत्याताई, म्हणजे उपूची आई, सोनपेठहून आमच्याकडं राहायला आली होती. सासरी तिचं — जाऊ द्या. तर एका सकाळी मी उपूच्या हिरड्या ओल्या कपड्यानं पुसायले आणि बोटाला कडक लागलं. मी बॅटरी लावून बघितलं. आणि मला इतका आनंद झाला काका, की मी मोबाईलवर फोटो काढला आणि आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला, मावश्या, आत्या, चुलते, सगळे आहेत त्यात. खाली हा एवढा मोठा मजकूर लिहिला, की अशा बाळांत दातांचा क्रम वेगळा असू शकतो, पुढच्यांच्या आधी दाढ येऊ शकते, आपण सगळ्यांनी आनंद मानू या. मजकूर कुणी वाचला नाही. फोटो सगळ्यांनी बघितला. आणि घटकाभरात आमच्या शेजारच्या राजेश्रीकाकू दारात उभ्या, हातात निवडायची मेथी तशीच. म्हणाल्या, "वरचा आलाय म्हणं आधी? मग धम्मदीपचं कसं?" धम्मदीप माझा भाऊ. उपूचा मामा. मी म्हटलं, धम्मदीपचं काय? तर म्हणाल्या, "अगं एवढं शिकलीस आन् येवढं ठावं न्हाई? वरचा दात आधी आला की मामाला भारी असतंय. मामावर येतंय ते."

मी हसले. मी मोठ्यानं हसले, आणि मग बघितलं तर बाकी कुणीच हसायलं नव्हतं. आता आमचं घर कसं आहे तेही सांगते. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली त्याच दिवशी अंगारे, गंडे, लिंबू-मिरची सगळं उकिरड्यावर नेऊन टाकलं. आमचे वडील, सिताराम गुरुजी, जन्मभर गणित शिकवलं त्यांनी, वर्गात मांजर आडवं गेलं तर त्याला परत बोलावून पुन्हा आडवं जायला लावायचे. त्यांनी लगेच घरची बैठक घेतली. म्हणाले, "आपल्या घरात असल्या गोष्टींना थारा नाही. विषय संपला." आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन धम्मदीपला हेल्मेट घेऊन आले. मी म्हटलं, अण्णा, हे काय? म्हणाले, "हेल्मेटचा आणि दाढेचा संबंध लावू नको. वाहतुकीचा नियम आहे." मग अंगणातल्या लिंबाची एक फांदी तोडली, धम्मदीपची गाडी तिच्याखाली लागते म्हणून — "वाळलेलीच होती," म्हणाले, आणि तिच्यावर हिरवा पाला झुलत होता. आईनं त्याच्या खोलीतला पंखा उतरवून ठेवला, थंडीत कशाला पाहिजे म्हणून. नेहमीचा गंजका अडकित्ता होता, तो कुठं गेला ते अजून कळलं नाही. कुणी काही मानत नव्हतं, काका. न मानता सगळं घर वर-खाली चाललं होतं.

आणि मी? मी कशाला मानीन. मी शास्त्र शिकलेली बाई. मी फक्त त्याला फोन करायचे, पोचलास का म्हणून. सकाळी एक, दुपारी एक, सुटायच्या वेळी एक. रस्ते खराब आहेत ना आपल्याकडं — त्यात उसाच्या ट्रॉल्या. आधी करत नव्हते, खरं आहे. एकदा त्यानं उचलला नाही तर मी एका बाईंच्या दातात अर्धं सिमेंट भरलेलं तसंच सोडून कारखान्याच्या रस्त्याला लागले होते. तो जेवत होता. — डोळे एवढे मोठे करू नका काका, तुमचं काहीच अर्धं सोडणार नाही. पडून राहा.

धम्मदीप कारखान्यात काट्यावर असतो. वजनकाट्यावर, उसाच्या गाड्या मोजायला. आता मोजायला म्हणजे गाड्या दिवसभर येतच राहतात, काही ना काही होणारच. एक दिवस मोळी सुटून पायावर पडली. एक दिवस बैलानं शिंग लावलं. कॅन्टीनच्या चहात झुरळ निघालं, तेही त्याच्याच कपात. चप्पल तुटली. प्रत्येक वेळी तो आईला फोन करून नुसतं म्हणायचा, "दाढ." काय झालं नाही, कुठं लागलं नाही, नुसतं "दाढ". आणि मग घरी यायचाच बंद झाला. आज डबल ड्यूटी आहे, उद्या रिलिव्हर न्हाई, परवा सीझन जोरात चाललाय. मित्राच्या क्वार्टरवर झोपायला लागला. — काय? पाणी पाहिजे? नाही? मग हात का हलवायलात? काट्याचं सांगायले हो, वजनकाट्याचं. तुम्ही आराम करा.

आता तुम्ही म्हणाल, नाही आला चार दिवस तर काय बिघडलं. बिघडलं हे, की उपू त्याच्याच हातानं जेवते. ह्या लेकरांना गिळायला, चावायला जरा अवघड जातं, जीभ घास बाहेर ढकलते, मग ती तोंडच मिटून घेतात. मी सगळे उपाय केले, शास्त्राप्रमाणे, चपटा चमचा, गालातून घास, समोर आरसा. माझ्यासमोर ती ओठ असे आवळून बसायची जशी मी तिचे दात चोरायला आलेय. आणि हा गडी ड्यूटीवरून यायचा, मातीच्या हातानं, मी ओरडायचे हात धू, मग मांडी घालून बसायचा आणि म्हणायचा, "उपूबाई, गाडी काट्यावर घ्या." की तिचं तोंड उघडलंच. घास गेला की म्हणायचा, "वजन झालं, पुढं काढा." की गिळलाच. मला पाच वर्षं शिकून जे जमलं नाही ते — असो. तो येईना, ती खाईना. दूध तेवढं घ्यायची. ताईनं मग त्याला व्हिडिओ कॉल लावला. तो तिकडून काट्याच्या केबिनमधून म्हणायचा, गाडी घ्या, इकडं ताई घास घालायची. एक दिवस चाललं. उपूनं आधी फोन चाटला, पण चाललं. दुसऱ्या दिवशी ऐन घासाला नेटवर्क अडकलं आणि मामा पडद्यावर आ वासून थांबला. तर तीही आ वासून थांबली. ताई घास घेऊन थांबली. आई थांबली. आम्ही चौघी त्या अडकलेल्या मामाकडं बघत बसलो, किती वेळ, आणि मग उपूनं हळूच तोंड मिटलं ते मिटलंच. ताई म्हणाली, "वजन झीरो." आणि हसली, आणि मला ते हसणं काही बरं वाटलं नाही.

ताईला तोवर वाटत होतं खरंच ड्यूटी आहे. तिला सांगितलं राजेश्रीकाकूंनी, त्यांच्या पोटात कुठं काय राहतंय. मी क्लिनिकमधून घरी गेले तर ताई झबल्यांच्या घड्या घालून पिशवीत भरायली. रडत नव्हती. मी म्हटलं, कुठं निघालीस? म्हणाली, "सोनपेठला." म्हटलं, अगं तिथं तर — तिच्या सासरी, काका, बारशाला आलेल्या बायकांनी उपूला मांडीवर घेतलं नव्हतं. कुणी मांडीवर घेतलं नव्हतं. ताई म्हणाली, "तिथं लोक घेत न्हाईत तर समजतंय मला. परके हायत. इथं घेतील म्हणून आले होते. आता मामाच जर तिच्या तोंडाला भ्यायलाय, तर मग नीलू, सगळीकडं सारखंच हाय की. निदान तिथं पंखा तरी हाय." आणि मला म्हणाली, "तू तिचे दात मोज. तुला तेच येतंय." — नाही, मला काही झालं नाही. हा दिवा आहे ना, डोळ्यांवर येतो. आ करा. आता? आता नाही टोचत. चांगलं. मान इकडं.

मी काय केलं, सगळे तक्ते घेतले, दातांची मोठी रंगीत चित्रं, आणि गाडी काढून थेट कारखान्यावर. गाड्यांची ही रांग. मी त्या रांगेच्या तोंडाशी चित्र धरून धम्मदीपला समजावायला लागले, की बघ, हे वरचे, हे खालचे, हिरडीत कुठला आधी सरकतो ते वाढीवर आहे, मामावर नाही. चार गाडीवान गोळा झाले. एकजण म्हणाला, "बाई, हे बघा की जरा, रातभर ठणकतंय," आणि तोंड उघडलं. मग दुसऱ्यानं उघडलं. मी भावाला पटवायला गेले आणि बैलगाड्यांच्या रांगेत मोबाईलच्या उजेडात तोंडं बघत सुटले, मागून ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवायले. सगळं झाल्यावर धम्मदीप मला बाजूला घेऊन म्हणाला, "नीलू, तुझं सगळं पटतंय गं मला. डोक्याला पटतंय. पायाला पटंना. घराकडं वळवतो, तर हे पाय क्वार्टरकडंच जायलेत." मी म्हटलं, ताई निघालीय. त्यानं मागची गाडी हातानं थांबवली. मग म्हणाला, "काकू म्हणत होत्या एक उपाय हाय. मामानं त्या दाताला चांदीचं नाणं टेकवायचं. एवढं करू दे मला. मंग रोज येतो." — जोर लावतेय आता, दाबल्यासारखं वाटेल, दुखणार नाही. दाबल्यासारखं. हं.

मी म्हटलं माझ्या जिवात जीव असेपर्यंत हे होणार नाही. संध्याकाळी अण्णांनी पुन्हा बैठक घेतली. अण्णा बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, "उतारा म्हणून होणार नाही. तपासणी म्हणून झालं तर माझी हरकत नाही. डॉक्टरच्या देखरेखीखाली व्हावं, म्हणजे ते शास्त्रात बसेल." मी म्हटलं, अण्णा, नाणं त्या लेकराच्या घशात जाईल. म्हणाले, "बघ, हे तू शास्त्रीय बोललीस. मग अंगठी." आणि मी, काका, मी, जी मंगळूरला अंधश्रद्धेवरच्या भाषणात पहिली आली होती, मी काकूंची चांदीची अंगठी ह्या इथं, ह्या यंत्रात, तुमचे चिमटे ज्यात उकळले त्याच्यात, अगदी नियमाप्रमाणे निर्जंतुक करून घेतली. दोरी बांधली तिला, गिळायला नको म्हणून. रविवार होता, शटर अर्धं खाली ओढलं, कुणी बघायला नको. आत आई, अण्णा, ताई, काकू, आणि ताईच्या मांडीवर उपू, ह्याच खुर्चीत, तुम्ही पडलात तिथं. धम्मदीप शटरखालून वाकून आत आला, डोक्यावर हेल्मेट. काढलं नाही. उपूनं त्या हेल्मेटकडं बघितलं, कोण हे म्हणून तोंड वाकडं करायला लागली, तेवढ्यात आतून आवाज आला, "उपूबाई, गाडी काट्यावर घ्या." आणि काका, ते तोंड असं उघडलं, मी दोन आठवडे बॅटरी घेऊन मागं लागले होते त्या तोंडाच्या, ते असं उघडलं की पार पडजिभेपर्यंत सगळं दिसलं.

त्यानं अंगठीचं बोट आत घातलं. मी सांगत होते, वर, मागं, अजून मागं, हां, लागलं. आणि ती चावली. आधी ती त्याचं बोट नुसत्या हिरड्यांनी चघळायची ना, त्याला वाटलं तसंच. दाढ होती पण आता, आणि खालच्या हिरडीत जोर किती असतो ते आम्ही दातवाले जाणतो. गुरासारखा ओरडला. बोट निघेना. अण्णा म्हणायले ओढू नको, काकू म्हणायल्या ओढ, आई म्हणायली घाबरण्यासारखं काही नाही, आणि उपू त्या बोटासकट हसायली, म्हणजे गाल हसायले, दाढ सोडंना. शेवटी मी गालातून बोट घालून सोडवलं. रक्त. थेंब-थेंब, इथं फरशीवर. सगळे त्या रक्ताकडं बघत उभे. आणि अण्णा एकदम, वर्गात उदाहरण सुटल्यावर म्हणायचे त्या आवाजात म्हणाले, "झालं. मामाला जे व्हायचं होतं ते दाढेनं केलं. मी हे मानत नाही, पण मानायचंच म्हटलं तर आता बाकी शून्य." काकूंनीपण विचार केला आणि मान हलवली. बरोबर होतं ना, मामावर आली होती, मामाला चावली, हिशोब मिटला. धम्मदीपनं तेव्हा कुठं हेल्मेट काढलं. मी पट्टी बांधली, आणि त्यानं डाव्या हातानं तिला इथंच, ह्याच खुर्चीत, मऊ भात भरवला. वाटी रिकामी झाली. ताईनं घरी जाऊन पिशवीतली झबली परत काढून दोरीवर टाकली, धुतलेलीच होती, तरी टाकली.

— निघाली. बघा, केवढी मुळं. तोंड मिटा, हा कापूस दाबून धरा. घट्ट.

आणि खरं सांगू, मी एवढ्यावर थांबायला पाहिजे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारख्या तिच्या हिरड्या पुसायले, आणि दुसऱ्या बाजूला बोटाला लागलं. वर. पुन्हा वर, पुन्हा मागं, पलीकडच्या बाजूची दाढ, अर्धी आलेली. खाली अजून मोकळंच, पुढं अजून मोकळंच. मी फोन हातात घेतला, फोटो काढला, ग्रुप उघडला. बाहेर धम्मदीप आला होता, ड्यूटीच्या आधी, त्याचा आवाज येत होता, गाडी घ्या, म्हणत होता, अजून तिला घेतलंही नव्हतं आणि म्हणत होता. मंगळूरहून आल्यापासून मी एक क्षण गप्प बसले नव्हते, काका. खरं असेल ते सांगितलं की काम झालं असं मला वाटायचं. मी तो फोटो पुसून टाकला आणि ठरवलं — बोलायचं नाही. अण्णांना नाही, ताईला नाही, कुणालाच नाही. रोज त्याचं बोट त्या तोंडात जाणार आहे. एक दिवस ते पलीकडच्या बाजूला जाईल आणि त्याचं त्याला कळेल, आणि तोवर त्याला घास घालायची इतकी सवय झाली असेल की पाय कुठं वळवायचे हे त्याला आठवायचं नाही. तेव्हापासून मी एका शब्दानं कुणाला —

तुम्ही सारखं हे बोट का दाखवायलात? हे बोट? पट्टीचं? त्याच्या बोटाची पट्टी तुम्ही — कुठं बघितली? थांबा, बोलू नका, मानेनं सांगा. पोखर्णीचे ना तुम्ही? मग कामाला? कारखान्यात. कुठल्या — काट्यावर? रात्रपाळीला. म्हणजे तो ज्यांच्या क्वार्टरवर झोपायचा ते — तुम्ही.

त्यानं तुम्हाला काय सांगितलं, ट्रॉलीच्या कडीत अडकलं म्हणून?

बरं.

उठा हळूच. थुंकायचं नाही, गरम काही घ्यायचं नाही. आणि कापूस — बाकीच्यांना मी अर्धा तास सांगते. तुम्ही सीझन संपेपर्यंत दाबून धरा. जा.